बॉयलरच्या दिवशी पेटलेली चूल

वीज केंद्रामागच्या त्या वस्तीत एक रीत होती. घरचा माणूस बॉयलरात उतरला की तो बाहेर येईस्तोवर घरची चूल पेटवायची नाही. पेटवली, तर आतल्या भिंतींना चिकटलेली राखेची दगडासारखी ढेकळं, म्हणजे क्लिंकर, अंगावर कोसळतात म्हणे! मुकादमाला ही रीत भारी आवडायची.

त्या दिवशी सुकरीचा नवरा झाडू सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन क्लिंकर फोडायला गेला. इकडे लहानगी दिव्या तापानं फणफणलेली. दुपारी ती भुकेनं कळवळली, तेव्हा सुकरीनं चूल पेटवून तिच्यापुरत्या कण्या शिजवल्या. आईनं दुसरं काय करायचं होतं?

संध्याकाळी झाडूचं प्रेतच आलं. मुकादमानं वरचं क्लिंकर आधी न पाडताच माणसं खाली उतरवली होती. झाडूवर कोसळलेल्या त्याच ढेकळानं सोबतच्या श्रावणचा पायही मोडला. पण मुकादमाला जाब विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"तुह्या घरून धूर निंगाला का नाई?" सासू मनकर्णा किंचाळली. "माह्या पोराले तूच खाल्लं!"

मुकादम म्हणाला, "बाईनंच रीत मोडली, आता आमी काय करावं?"

बाया सुकरीला नळावर येऊ देईनात. हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं, हे सगळ्यात वाईट. बिचारी चुलीसमोर बसायलाही भ्यायची.

पुढे सफाईसाठी पुन्हा बॉयलर बंद झाला. मुकादम झाडूच्या धाकट्या भावाला, लोकेशला न्यायला आला. अंगणात माणसं जमली. श्रावण काठी टेकत आला. त्याच्या पायाकडे पाहता पाहता सुकरी थबकली.

"श्रावणभाऊ, त्या दिवशी तुमच्या घरी तं चूल बंद होती ना?"

"बंदच होती, बाई," श्रावण खाली मान घालून म्हणाला.

"मंग तुमच्यावर काऊन पडलं?"

सुकरी मुकादमाकडे वळली. "वरचं क्लिंकर पाडलं का?"

"उद्या पाडू. आज काम आटपाचं हाये."

सुकरी आत गेली आणि तिनं चूल पेटवली.

"अवो, पोरगा उतरून राह्यला ना!" सासू ओरडली.

"नाई उतरत. चूल पेटली हाये. रीत तुमचीच हाये ना, मुकादमभाऊ? वरचं क्लिंकर पडेस्तोवर मी हे इझवत नाई."

"ह्या काय भाकडकथा मानता, बाई?" मुकादम भडकला. बघा, तोंड कसं फिरलं!

लोकेशनं सब्बल खाली टाकली. श्रावणची बायको उठून घरी गेली, मग शेजारीण गेली. घराघरातून धूर निघाला. एकही माणूस कामावर गेला नाही.

एवढं सुचायला झाडूचा जीव जावा लागला, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला हवी. मनकर्णा उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून आत आली, आणि तिनं स्वतःच्या हातानं चुलीत लाकूड सारलं.