हसून बोललेलं

"आली बया गिळायला!" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि गालभर हसून त्यांनी थालीपिठाचं ताट पुढे केलं.

यीतोंगनं दोन्ही हातांनी ताट घेतलं, मान किंचित लववली. "थँक यू, ग्रँडमा."

"घे घे, कोंब. आज कुठला किडा नाही बाई मिळाला रांधायला, थालीपिठावरच भागव." आवाजात नुसता पाक. "आणि ते उकळतं पाणी नको ढोसूस. घशाला काय कल्हई लावायचीय?"

पोरगी सबंध वाक्य संपेपर्यंत द्वारकाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा "थँक यू" म्हणाली आणि आपल्या बाटलीतलं गरम पाणी कपात ओतू लागली.

टेबलाच्या त्या टोकाला सईनं, म्हणजे नातीनं, दुधाच्या पेल्यात हसू लपवलं. "आजी, दॅट्स सो मीन!"

"मीन-बीन काही नाही. तुझ्या बापानंच सांगितलंय, आई, निदान हसून बोल. हसूनच बोलतेय ना?"

खरंच, सिद्धेशनं एवढंच मागितलं होतं. त्याची बायको वल्लरी ज्या शाळेत शिकवायची, तिथं उन्हाळ्याच्या वर्गासाठी चीनच्या हायस्कुलांतली मुलं आली होती. वर्ग संपला की परीक्षा. इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, एवढंच तपासायचं. पास झालं तर अकरावीत प्रवेश, नाही तर परतीचं विमान. परीक्षेचे पेपर काढण्यात वल्लरीचा मोठा वाटा असे. शाळेच्या हॉस्टेलात ऐन वेळी पाण्याचा पाइप फुटला आणि शिक्षकांनी एकेक मूल घरी नेलं. वल्लरीनं यीतोंगला आणलं. ती घरी राहते म्हणून तिची परीक्षा दुसऱ्या बाई घेणार, असंही तेव्हाच ठरलं.

हे सगळं ठीक होतं. पण अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या त्या घरात खाली एकच खोली, आणि ती द्वारकाबाईंची. गुडघ्यांसाठी त्यांना दिलेली. पाहुणी आली तशी त्यांची गादी जिना चढून सईच्या खोलीत गेली. देव मात्र खालीच राहिले. आता रोज सकाळी स्वतःच्या देवांना फूल वाहायला परक्या पोरीच्या दारावर टकटक करायची! द्वारकाबाईंनी तोंडातून 'नाही' काढलं नाही. त्यांनी तोंडाचा दुसरा उपयोग केला.

हसून शिवी द्यायची त्यांची हातोटी जुनी. बार्शीला त्यांची खानावळ होती. शाळा तिसरीतच सुटलेली, नवरा लवकर गेलेला, पण सिद्धेशला इंजिनिअर केला तो ह्या तोंडाच्या आणि हाताच्या बळावर. कॉलेजची पोरं त्यांच्या जिभेला टरकून असत. आणि रस्त्याच्या कामावर आलेली तेलुगू माणसं जेवायला बसली, की द्वारकाबाई त्यांना गोड हसत, अगदी ओवी म्हटल्यासारखं, नको नको ते बोलत. ती माणसं खूश होऊन आणखी भात मागत, आणि पलीकडच्या पंगतीतली पोरं हसून लोळत. तेव्हा सगळ्या खानावळीला ती करमणूक असायची.

इथं दाद द्यायला सई तेवढी होती.

त्या दिवशी दुपारी वल्लरी यीतोंगला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. परीक्षा चार दिवसांवर आलेली. द्वारकाबाई शेजारीच मटार सोलत होत्या. सई मोबाइलमध्ये.

वल्लरीनं एक उतारा मोठ्यांदा वाचला, एकदाच, आणि प्रश्न विचारला. यीतोंग गप्प. तोच उतारा कागदावर दिला तर पोरीनं पटापट सगळी उत्तरं लिहिली, एक चुकलं नाही. पुन्हा ऐकायचं आलं की पुन्हा दगड.

"वाचायला वाघ आहे हो आई, पण ऐकायचं म्हटलं की फ्रीज होते. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच लावतात, थांबवता येत नाही." वल्लरी दमून म्हणाली.

"मग जाईल घरी. तिच्या आईला का ती जड झालीय?" द्वारकाबाई म्हणाल्या. पोरीनं वर पाहिलं, तसं लगेच हसल्या.

वल्लरीनं कागद बाजूला सारले आणि इंग्रजीत सहज काहीतरी विचारलं. यीतोंगनं जरा विचार केला आणि बोट उचलून सरळ द्वारकाबाईंकडे दाखवलं.

"माझं काय काढलं?" द्वारकाबाईंचा मटार हातातच राहिला. "काय विचारलंस तिला?"

"मम्मानं विचारलं, अमेरिकेत आल्यापासून तू सगळ्यात जास्त कोणाचं ऐकतेस," सई म्हणाली. "शी सेज, तुझं."

"माझं? हिला माझं काय कळतंय डोंबल!"

यीतोंग बोलू लागली. तुटक, एकेक शब्द पायाखाली चाचपत. पण थांबली नाही. वल्लरीसुद्धा टक लावून ऐकत राहिली. सई मधून मधून मराठीत सांगत होती. आधी मजेत, मग तिचा आवाज बारीक होत गेला.

"ती म्हणते, ती लहानपणापासून हॉस्टेलवर आहे. तिथल्या मेसमध्ये खिडकीतून ताट सरकवतात. कोणी बोलत नाही. इथं शाळेत सगळे फास्ट बोलतात, मग तिला भीती वाटते आणि कान बंद होतात... म्हणजे, काही ऐकूच येत नाही." सईनं आजीकडे बघायचं टाळलं. "पण ग्रँडमा रोज सकाळी ताट स्वतः हातात देते. आणि देताना एवढं बोलते. हसून. शब्द एकही कळत नाही, पण भीती वाटत नाही. म्हणून ती रोज... एंडपर्यंत ऐकते. प्रॅक्टिस म्हणून. आजी, पुढचं मी नाही सांगणार."

"सांग."

"शी थिंक्स यू लाइक हर."

द्वारकाबाईंनी मटाराची शेंग वाटीत टाकली, दाणे न काढताच.

तेवढ्यात पोरीला काय वाटलं कोण जाणे, ती वल्लरीकडे वळून, शिकलेला धडा म्हणून दाखवावा तशी, अगदी द्वारकाबाईंच्याच हेलात, पाकासकट म्हणाली, "आली बया गिळायला!" आणि डोळे मोठे करून विचारलं, ह्याचा अर्थ काय?

सई लालबुंद झाली. वल्लरीनं एकदाच सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर द्वारकाबाईंनी तो परतवला असता, त्यांचं सगळं आयुष्य तेच करण्यात गेलं होतं. राग नव्हता. रस्त्यात कुणाचं लुगडं सुटलेलं दिसावं आणि आपण चटकन दुसरीकडे बघावं, तशी ती नजर होती.

मग वल्लरीनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरीचं तोंड उजळलं.

"काय सांगितलं तिनं?" द्वारकाबाईंनी सईला दबक्या आवाजात विचारलं.

"की त्याचा मीनिंग आहे, ये, जेवायला बस."

द्वारकाबाई उठल्या आणि बेसिनशी जाऊन हात धूत राहिल्या. हात स्वच्छ होते.

त्यानंतर त्यांचं तोंडच मिटलं.

दुसऱ्या सकाळी यीतोंग आली, नेहमीसारखी उभी राहिली. द्वारकाबाईंनी ताट दिलं. हसू आणायला गेल्या तर ते ओठांवर यायच्या आतच त्यांना त्याची शिसारी आली. ह्याच हसण्याला पोर भुलली होती. जुनं काही बोलणं आता शक्य नव्हतं, आणि चांगलं काही बोलायचं तर ते कसं असतं, कुठून सुरू करतात? पोटच्या पोरालासुद्धा त्यांनी कधी गोंजारून हाक मारली नव्हती. "सिद्ध्या, मर इकडे" हीच त्यांची माया. त्या वळल्या आणि तव्याकडे बघत राहिल्या.

पाठीमागे पोरगी ताट धरून उभीच होती. बऱ्याच वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशीही तेच. यीतोंगनं निम्मं ताट तसंच ठेवलं, ते स्वतः विसळलं, ओटा पुसला, न सांगता कचऱ्याची पिशवी बाहेर नेऊन ठेवली. द्वारकाबाईंना कळत होतं. खानावळीत पैसे थकवलेली पोरं अशीच पुढे पुढे करायची.

"आजी, बोल ना तिच्याशी काहीतरी," सई जिन्यात गाठून म्हणाली. "ती मला विचारत होती, तिनं काय राँग केलं. शी इज स्केअर्ड."

"काय बोलू?"

"एनीथिंग! तिला थोडंच कळणार आहे?"

"म्हणूनच जीभ वळत नाही गं."

सईला ते समजलं नाही. द्वारकाबाईंना तरी कुठं नीट सांगता येत होतं! कळणाऱ्या माणसाला चार शब्द लावले तर तो उलट चार लावतो, हिशेब तिथल्या तिथं मिटतो. त्या तेलुगू माणसांचे चेहरे आता आठवायला नको असताना आठवत होते. भात वाढल्यावर हात जोडणारे. त्यांनाही असंच वाटत असेल का, की बाई आपल्याशी मायेनं बोलते?

परीक्षेच्या सकाळी त्यांनी शिरा केला. बदाम घातले, वर केशराची काडी ठेवली. आज काही झालं तरी बोलायचं, असं मनाशी धरून तोंडात एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'नीट दे हो परीक्षा, बाळा.' 'बाळा' हा शब्द त्यांनी देवांपुढे उभं राहून दोनदा म्हणून पाहिला होता. दोन्ही वेळा तो कुणा दुसऱ्याच बाईनं म्हटल्यासारखा वाटला.

यीतोंग आली. वाटी हातात घेतली. थांबली, तोंडाकडे बघत.

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. बाहेर सिद्धेशनं हॉर्न वाजवला. "चलो चलो, लेट होतंय!"

पोरीनं वाटी तशीच टेबलावर ठेवली, दप्तर उचललं. दारातून एकदा मागं वळून पाहिलं. मग बूट घातले आणि गेली. शिऱ्यावर थोड्या वेळानं साय धरल्यासारखं तूप गोठलं.

संध्याकाळी वल्लरी एकटीच आली. यीतोंग इतर मुलांबरोबर शाळेतच थांबली होती.

"झालं का तिचं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

वल्लरीनं पर्स खुंटीला लावली. "वाचण्यात सगळ्यांत वर. ऐकण्यात गेली. पहिल्या रेकॉर्डिंगलाच अडकली, पुढचे प्रश्न कोरेच. रविवारचं तिकीट काढतायत."

"पहिल्यालाच कशी अडकली?"

"परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं तिला." वल्लरीनं पायातले बूट काढले. "म्हणाली, डोक्यात सारखं एकच येत होतं. ग्रँडमा बोलायची का थांबली."

"माझ्यावर ढकलू नकोस हं!" जुना आवाज आपोआप वर आला. "मी काय परीक्षेला बसले होते?"

"नाही ढकलत, आई. ती आधीपासूनच कच्ची होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

भांडली असती तर बरं झालं असतं. द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या. "तिला सांगितलंस, मी काय काय बोलायचे ते?"

"नाही."

"का नाही?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

वल्लरी वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आत गेली आणि घड्या घालू लागली. त्यात द्वारकाबाईंचीही लुगडी होती. तिनं तीही नीट, काठाला काठ लावून घडी केली.

रविवारी सई पोहण्याच्या सरावाला गेली होती. वल्लरी यीतोंगला विमानतळावर सोडणार होती. ती आधीच गाडीत बसून, काचा वर करून, फोनवर कुणाशी तरी विमानाच्या वेळेचं बोलत होती. सिद्धेश कानात इअरफोन घालून बॅगा मागं चढवत होता.

खालची खोली रिकामी झाली होती. पोरीनं चादर धुऊन, घडी करून ठेवली होती. देवांपुढे कुंपणावरच्या ब्लॅकबेरीचं एक बारकं पांढरं फूल होतं. द्वारकाबाईंनी ते वाहिलं नव्हतं.

चपला न घालताच त्या बाहेर आल्या. गुडघे ठणकत होते. यीतोंग गाडीच्या दारापाशी उभी होती. ह्यांना येताना बघून ती सरळ उभी राहिली.

हसायचं नाही, एवढं द्वारकाबाईंनी पक्कं ठरवलं होतं. ते खोटं तोंड आज नको. जे बोलायचं ते खऱ्या तोंडानं. आणि खरा आवाज म्हणाल तर त्यांच्याकडे एकच होता, भरलेल्या पंगतीत शेवटच्या पाटापर्यंत पोचणारा.

"ऐक!" त्या म्हणाल्या. कपाळाला आठ्या, बोट पोरीवर रोखलेलं. "वाईट बोलले मी तुला. रोज बोलले. तुझ्यात काही खोट नाही, कळलं का? खोट माझ्यात आहे. तू गुणाची पोर आहेस. पुढच्या वर्षी परत यायचं. खोली तुझी आहे. मी जिना चढीन. यायचं म्हणजे यायचं!"

पोरीनं शेवटपर्यंत ऐकलं. एकेक वाक्य पडत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. दोन्ही हात पुढ्यात जुळवून तिनं मान खाली घातली, पार कमरेतून वाकली.

"सॉरी, ग्रँडमा," ती हळूच म्हणाली. "सॉरी."

"अगं नाही... तसं नाही..." द्वारकाबाई एक पाऊल पुढे झाल्या, तशी ती पटकन गाडीत शिरली. सिद्धेशनं दार लावलं, गाडीवर थाप मारली. काचेआडून वल्लरीनं फोन कानाशी धरूनच हात हलवला.

गाडी उतारावरून खाली गेली आणि कोपऱ्यावरून वळली. हसायला हवं होतं, हे तेव्हा कुठे द्वारकाबाईंच्या लक्षात आलं.