कासियानोची सुई

आमच्या बंदरावरच्या बारमध्ये दर सोमवारी सुया टोचत फिरणारा कासियानो यायचा आणि धंद्यातल्या बायकांना ताकदीची इंजेक्शनं टोचायचा. बायका दहा, सुई एकच. ती इतकी जुनी, की कोलंबसाच्या खलाशांनाही तिनेच टोचलं असावं!

त्या सोमवारी नवी आलेली यानिरा दंड पुढे करून बसली, तोच त्या बायकांतली वडीलधारी रेमिखिया मावशी आडवी आली. मावशीला एचआयव्ही आहे, हे सगळ्या बंदराला ठाऊक. पण बारा वर्षं नेमाने गोळ्या घेऊन बाई बैल लोळवील अशी ठणठणीत.

"कोऱ्या पाकिटातली सुई काढ, कासियानो."

"अगं मावशे, रममध्ये बुडवलीय! जंतू झिंगून मरतात."

"मग आधी मला टोच, नंतर स्वतःला. पोरीला शेवटी."

कासियानोला घाम फुटला. "मला... मला काय, ताकद आहे भरपूर."

"दिसतेय की!" बायका खदखदून हसल्या.

तो असा पळाला, की त्याची टोपी दुसऱ्या दिवशी घरी पोचली. खोटं वाटतं? मी दारातच केळी तळत होतो, माझ्या कढईला विचारा.

पुढच्या सोमवारी तो खोकाभर कोऱ्या सुया घेऊन आला. पहिलं पाकीट यानिराने स्वतःच्या हाताने फाडलं, मगच दंड पुढे केला.