वाकायचं नाही

मला राग लवकर येतो, आणि आला की मी समोरच्याचं काही ऐकून घेत नाही. नथूच्या बाबतीत मी तेच केलं.

चौऱ्याण्णव साल होतं. सिल्वासात किलवणी रस्त्याला माझं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. शेक आणि ट्रॅक्शनच्या जोडीला मी आसनंही करून घ्यायची. नथू शिरपूरकडचा, धाग्याच्या कारखान्यात बॉबिनच्या पेट्या उचलायचा. कमरेतली चकती सरकली आणि डावा पाय बधिर व्हायला लागला. कारखान्याने त्याला दोन महिने दिले होते, तेवढ्यात बरा झाला नाही तर त्याच्या जागी दुसरा. घरात बायको, दोन पोरं आणि कमावणारा हा एकटाच.

पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं, की पुढे वाकायचं नाही. बादली उचलायची नाही, चप्पलसुद्धा उभ्यानेच सरकवायची. पालथं झोपून भुजंगासन आणि शलभासन, बाकी काही नाही. त्याने मान डोलावली आणि रोज अथालच्या आपल्या खोलीवरून चालत यायला लागला.

सहा आठवडे झाले तरी फरक शून्य, उलट दुखणं वाढलेलं. आसनं तर असा करायचा की दृष्ट लागावी. माझं डोकंच फिरलं. हा घरी गुपचूप ओझी उचलतो आणि मला बनवतो, अशी मी खूणगाठ बांधली. त्याने आईची शपथ घेतली, तरी मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. वर कारखान्याचे मॅनेजर राजेंद्र साहेब यांना चिठ्ठी पाठवली, की रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही, सुधारणेची आशा नाही.

तिसऱ्या दिवशी नथू आला, मला नमस्कार करायला वाकला आणि तसाच राहिला. बोटं माझ्या पायांवर, गुडघे ताठ, कंबर जागीच धरलेली. मी खाली त्याच्या ताठ गुडघ्यांकडे बघत राहिले. अगं बाई, हे तर मीच करवून घेतेय!

माझ्याकडे तसा नियमच होता. नाशिकला माझ्या गुरुजींनी लावलेली शिस्त होती ती. चटईवर जाण्याआधी आणि उठल्यावर गुरूच्या पायांना हात लावायचा, गुडघे न वाकवता. सुरुवातीला नथू अर्धवट वाकायचा, तेव्हा मीच त्याला खडसावलं होतं. सहा आठवडे, दिवसातून दोनदा, आणि वर मी त्याला आशीर्वाद देत होते. मला स्वतःची किळस आली.

कसंबसं त्याला आडवं केलं आणि विचारलं, वाकताना रोज दुखायचं का.

"कळ तर रोजच यायची, ताई. पन गुरूच्या पाया पडताना दुखतं, हे कोन्या तोंडानं सांगू?"

मी तशीच कारखान्यात गेले. राजेंद्र साहेबांच्या टेबलावर नथूला कामावरून कमी केल्याचा कागद सहीसाठी तयार होता. मी सगळं सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी मी खुर्चीतून उठून त्यांच्यासमोर वाकून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं. हे लिहून द्या, म्हणाले. चूक उपचार करणारीची आहे, रुग्णाची नाही, असं मी लिहिलं आणि खाली सुलभा म्हणून सही केली. माझी आधीची चिठ्ठी त्यांनी शेजारी ठेवली आणि बराच वेळ दोन्ही वाचत बसले. एक महिना दिला, त्यापुढे एक दिवस नाही.

चार दिवसांनी नथू काठी टेकत आला. मी दारातच त्याची माफी मागितली. महिना मिळालाय, आणि आजपासून इथे कुणीही पाया पडायचं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं त्याला हायसं वाटेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चटई अंथरलेली होती, पण तो तिच्याकडे सरकेना.

"पाया न पडता गुन येईल का, ताई? एकच तर महिना हाय."