रोह्याहून फोन

विमलबाईनं पोलीस चौकीतल्या जमादाराच्या टेबलावरची नोंदवही ओढली आणि तिच्यावर आपला पंजा ठेवला.

"लिवून घेतल्याबिगार हात काढायची नाय."

"अहो बाई, अकरा वर्षांची पोर. बाजारात कुठंतरी रमली असेल. संध्याकाळपर्यंत थांबा, येईल."

सकाळी वालाच्या शेंगा घेऊन मायलेकी पेणच्या बाजारात आल्या होत्या. सरू पाणी आणायला म्हणून गेली, ती परतलीच नाही. गणपतीच्या कारखान्यांपासून एस.टी. स्टँडपर्यंत विमलबाई तीनदा फिरून आली. पोर स्टेशनाच्या रस्त्यानं जाताना पाहिली, असं एका फुलवालीनं सांगितलं. तेवढाच काय तो सुगावा.

"संध्याकाळपातुर आगगाडी कुठच्या कुठं जाईल, साहेब. स्टेशनात एक फोन लावा."

जमादार मनानं वाईट नव्हता. हरवलेली पोरं बहुतेक आपल्या पायांनी घरी येतात, एवढंच तो वीस वर्षांच्या नोकरीत शिकला होता. पण बाईचा पंजा हलेना, तेव्हा त्यानं फोन उचलला. पेण स्टेशनानं रोह्याला विचारलं. दहा मिनिटांत निरोप आला. सरू रोह्याच्या स्टेशनमास्तरांपाशी बसली होती, सुखरूप.

विमलबाईनं वहीवरचा पंजा उचलला. निघाली ती थेट एस.टी. स्टँडवर.

रोह्याच्या स्टेशनात सरू बाकावर होती आणि तिच्या मांडीवर चारेक वर्षांची परकी पोर झोपली होती. विमलबाईनं मारायला हात उगारला आणि तोच लेकीच्या तोंडावरून फिरवला.

"स्टेशनातल्या नळावर पाण्याला गेले, तर ही पेणला फलाटावर रडत होती गो आये. आय गाडीत हाय म्हणाली. म्हणून हिला डब्यात चढवाया गेले, तर गाडीच सुटली."

"मग हिची आय?"

"डब्यात नव्हतीच."

मैना या नावापलीकडे पोरीला काही सांगता येत नाही, असं स्टेशनमास्तर म्हणाले. "तिचं आम्ही बघतो. तुमची परतीची गाडी लागलीय, तुम्ही निघा."

सरू जागची उठेना. विमलबाईनं एकवार गाडीकडं पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"मास्तर, पेणच्या त्या चौकीत फोन लावा. जमादार मला वळखतात."

ट्रंक कॉल लागेपर्यंत गाडी निघून गेली होती. मास्तरांच्या खोलीत विमलबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला; सरू झोपलेल्या पोरीला घेऊन मागं उभी राहिली.

"जमादार, चार वर्षांच्या पोरीची कुणी वर्दी दिलीय का?"

"नाही बाई. तशी काही नोंद नाही."

त्याच्या आवाजामागं कुणीतरी हुंदके देत होतं.

"तुमच्या मागं कोण रडतंय?"

"धरमतरकडची एक बाई आलीय, दुपारी." जमादाराचा आवाज एकदम खाली आला. "तिला थांबायला सांगितलंय मी."

"तिच्या हातात फोन द्या."

खुर्ची सरकली. विमलबाईनं पोरीला कडेवर घेतलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. पलीकडच्या बाईचं रडणं आता खोलीभर ऐकू येत होतं. मास्तरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मैना डोळे चोळत ऐकत राहिली.

"आय," शेवटी ती म्हणाली, "मला भूक लागलीय."