आनंदीच्या नावाचा पास

आनंदीला राग पटकन यायचा नाही. आला की मात्र तो करवंटीच्या निखाऱ्यासारखा असायचा. वरून नुसती राख दिसायची, आणि हात लावणारा भाजून निघायचा.

तिचा थोरला भाऊ लवू मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. रेल्वेच्या माणसांना तेव्हा लांबच्या प्रवासासाठी सवलतीचा पास मिळायचा. त्या पासावर देशाच्या कुठल्याही टोकाला जा, भाडं तिसरा हिस्साच. पासात बायकोचं नाव लागायचं, मुलांचं लागायचं, आणि वडील नसले तर पोसायला असलेल्या विधवा बहिणीचंही लागायचं. लवूने आनंदीचं नाव तसं लावलं होतं. 'भावावर अवलंबून' असं तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं, आणि गंमत अशी की मालवणपासून दोन कोसांवरचं ते घर, खाडीकाठची शेती, माड आणि गोठ्यातली म्हैस हे सगळं आनंदी एकटी सांभाळायची. लवूच्या मुंबईतल्या खोलीत शिजणारा तांदूळ तिने कांडलेला असायचा आणि आमटीतली कोकमाची सोलं तिने वाळवलेली असायची.

तरी तिने त्या शब्दांबद्दल कधी तक्रार केली नाही. तिला गयेला जायचं होतं.

तिचा नवरा शंकर माल वाहणाऱ्या शिडाच्या पडावावर तांडेल होता. मंगळुरी कौलं भरून येताना वादळात पडाव बुडाला. माणसं मिळाली नाहीत. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली, आणि दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. सगळे वाट पाहून थकले, शेवटी भटजींनी दर्भाचाच कावळा करून शिवून घेतला. ते आनंदीने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर तिच्या मनात एकच गोष्ट बसली. गयेला पिंड पडला की शंकर सुटेल, त्याशिवाय नाही.

लवूने शब्द दिला होता. गणपतीला घरी आला असताना त्याने तिला ओटीवर बसवून शिकवलंसुद्धा. गाडीत चेकर येईल. तो नाव विचारील, तर आनंदी शंकर म्हणायचं. नातं विचारील, तर लवूची विधवा बहीण. राहतेस कोणाकडे विचारील, तर भावाकडे, त्याच्यावर अवलंबून आहे असं म्हणायचं. आनंदी भात झोडताना हे पुटपुटायची. शेजारची यशोदा तिला चिडवायची, "काय गो, चेकराक पाठांतर म्हणान दाखवतलंस काय?" आनंदी हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

जायचे दिवस जवळ आले. म्हैस यशोदाकडे बांधायचं ठरलं, बोटीने मुंबईला कोणाबरोबर जायचं तेही ठरलं. आणि लवूचा निरोप आला की रेल्वेचा कायदा बदलला, विधवा बहिणीचं नाव आता बसत नाही. आम्ही दोघं जाऊन येतो, शंकराचा पिंड मी घालतो, तू काळजी करू नकोस.

आनंदी एक दिवस नीट जेवली नाही. मग तिने विचार केला की सरकारपुढे भाऊ तरी काय करणार. आपण लावलेल्या भातातले चांगले टपोरे तांदूळ तिने निवडले, नव्या कोऱ्या फडक्यात बांधले आणि मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवले. पिंडाला हेच वापर, असा निरोप दिला.

माघी पौर्णिमा झाल्यावर लवू आणि त्याची बायको सुगंधा काशी-गया करून गावी आली. काशीहून आलं की मावंदं करायचं, गंगेची पूजा करून गाव जेवायला घालायचं, ही रीतच. त्यांच्याबरोबर सुगंधाची धाकटी बहीण शेवंती होती. शेवंतीचा नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. तिला मूल नव्हतं. तिची सासू त्याच गावात वरच्या वाडीत राहायची. शेवंती सहा महिने मुंबईला बहिणीकडे होती आणि सुगंधाने गावात सांगितलं की दैवाने तिलाही गंगा घडली, तिकीट काढून आली आमच्याबरोबर.

आनंदीने लवूला पहिलाच प्रश्न केला तो पिंडाचा. लवू म्हणाला, सगळं झालं. आनंदीने मान हलवली आणि कामाला लागली. मावंद्याचं सगळं तिच्याच अंगावर होतं. वड्यांचं पीठ, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर, पत्रावळी.

मावंद्याच्या दिवशी सकाळी चुलीपाशी आनंदी, सुगंधा आणि शेवंती तिघी होत्या. बाहेर खळ्यातून यशोदाने हाक मारली, "आनंदी गो, सोललेले नारळ खंय ठेवलंस?"

"ओ," शेवंती म्हणाली.

आनंदीचा हात कढईवरच थांबला. तिने शेवंतीकडे पाहिलं. शेवंती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "सवय लागली बघ माका."

"कसली सवय?"

शेवंतीचं हसू गेलं. तिने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधा उगाच पिठात पाणी घालत राहिली. आनंदीने वडा तेलातून काढला, झारा खाली ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच शेवंती घाबरली असावी. ती सांगत गेली. कायदा काही बदलला नव्हता. पासावर आनंदीचं नाव होतंच, आणि त्या नावावर शेवंती गेली होती. चेकर कधी झोपेतून उठवून विचारील म्हणून लवू तिला सगळा प्रवासभर आनंदी म्हणूनच हाक मारायचा. आनंदी, पाणी दे. आनंदी, ट्रंक बघ.

आनंदीची नजर तिच्या हातांकडे गेली. दोन्ही मनगटांत कोऱ्या बांगड्या होत्या, एकाच रंगाच्या, एकही जुनी नाही. सासूला तिने काशीच्या म्हणून दाखवल्या होत्या.

"आणि ह्यो?" आनंदीने विचारलं.

विधवेच्या नावावर जायचं म्हणजे विधवाच दिसायला हवं. कुंकू पुसलं होतं. मंगळसूत्र पदराच्या गाठीत बांधलं होतं. बांगड्या घट्ट होत्या, साबणाने निघेनात, आणि चेकर शेजारच्या डब्यात आला होता. मग त्या मोरीच्या लोखंडी कडेवर आपटून फोडल्या. हे सांगताना शेवंती रडायला लागली. नवरा समुद्रावर असताना आपण हे काय करून बसलो, या विचाराने तिला गाडीतच ताप भरला होता.

"रडतस कित्याक?" सुगंधा बहिणीवर खेकसली. मग आनंदीकडे वळून म्हणाली, सगळेच असं करतात, कारखान्यातली निम्मी माणसं दुसऱ्यांना आपल्या पासावर फिरवतात, पास वाया घालवायचा काय. शेवंतीला मुलासाठी गंगेचा नवस होता. "नाव वापरलां म्हणान झिजता काय?"

"झिजाक नाय," आनंदी म्हणाली. "माझां नाव काशीक जावन इलां, आणि मी हंय शेण काढीत रवलंय."

ती उठली, हात धुतले आणि लवूला शोधत मागच्या माडांत गेली. लवू गड्याकडून शहाळी काढून घेत होता. तिने त्याला फक्त एवढंच विचारलं की का. त्याने आधी टाळलं, मग कंटाळल्यासारखा बोलला. तू गेली असतीस तर घर कोणी बघितलं असतं? उन्हाळी भाताची लावणी तोंडावर होती, म्हैस गाभण होती. पुढल्या खेपेला बघू. खरं कारण एवढंच होतं. तिच्या भक्तीत किंवा रेल्वेच्या कायद्यात काही अडलं नव्हतं. तिच्या कष्टांवर त्याचं घर इतकं उभं होतं की तिला महिनाभर सोडणं त्याला परवडलं नसतं, आणि कागदावर मात्र तीच त्याच्यावर अवलंबून होती.

"तांदूळ?" आनंदीने विचारलं.

लवूने गड्याला पुढचं शहाळं काढायला सांगितलं.

"लवू, माझे तांदूळ खंय?"

शेवंतीला ताप होता ना, तो म्हणाला. काशीला धर्मशाळेत तिला दुसरं काही जाईना. त्याच तांदळांची पेज केली. आणि गयेला पंडे पिंडामागे पिंड मोजत होते, गर्दी होती, बापाचा आणि आजोबांचा घातला, शंकराचा राहून गेला. तिला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

आनंदी चुलीपाशी परत आली. राहिलेले वडे तिने तळले. एकही करपू दिला नाही. यशोदा नंतर सांगायची की त्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहायची भीती वाटत होती.

दुपारी खळ्यात माणसं जमली. मधे चौरंगावर गंगेचे गडू, पुढे नारळ आणि विडा. गाऱ्हाणं घालायला बाबली गावकर आला होता. गावात कुठलंही कार्य असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, घडलं ते त्याच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. म्हणणारा साक्षीदार होतो आणि घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. ते घालण्याचा मान गावकराचा. बायका मागे पडवीत उभ्या राहायच्या.

बाबलीने डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा महाराजा," त्याचा आवाज खळंभर घुमला, "आज ह्यो तुझो लवू आणि त्याची घरकारीण काशी-गया करून सुखरूप घराक इलीं."

"होय महाराजा."

"त्यांच्यावांगडा..." बाबली थांबला. "कोण रे लवू? नाव सांग."

लवूने तोंड उघडलं. तेवढ्यात पडवीतून आनंदी खळ्यात उतरली. पुरुषांच्या रांगा ओलांडून ती चौरंगापाशी आली. बाबलीने डोळे उघडून हे काय म्हणून पाहिलं.

"सांग," आनंदी म्हणाली. "रेलवेक जा नाव सांगलंस, ताच देवाक सांग."

 लवूचा चेहरा पांढरा पडला. शेवंतीचं नाव घ्यावं तर आनंदी पासाचं सगळं बोलणार आणि सरकारला फसवल्याचं भर गावात उघड होणार, आनंदीचं घ्यावं तर देवापुढे खोटं बोलायचं. पडवीत शेवंती खांबाला धरून उभी होती. तिची सासू शेजारीच होती आणि काही न कळून इकडे तिकडे बघत होती. आनंदीने वळून शेवंतीकडे एकदा पाहिलं. फुटलेल्या बांगड्यांचं एक वाक्य, आणि त्या पोरीचा संसार त्याच खळ्यात संपला असता. आनंदीने ते वाक्य गिळलं. तिचा राग त्या पोरीवर नव्हता.

"आनंदी, मागे हो," लवू दात आवळून म्हणाला.

बाबलीने त्याला हाताने गप्प केलं. गावकराला खोटं गाऱ्हाणं चालत नाही. तो म्हणाला, नाव सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. लवू सांगेना. तेव्हा आनंदीने हात जोडले आणि आजवर त्या गावात कुठल्या बाईने केलं नव्हतं ते केलं.

"बा देवा रवळनाथा महाराजा," ती म्हणाली. "मी आनंदी, शंकर तांडेलाची बायको. पासावर माझां नाव गेलां, मी जावक नाय महाराजा."

 मग कोणा म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्यामागून सगळ्यांच्या.

"होय महाराजा."

"माझी यात्रा भावान काढून घेतल्यान, आणि पिंडाच्या तांदळाची पेज केल्यान महाराजा."

"होय महाराजा." आता आवाज मोठा होता. बायकाही त्यात होत्या.

"त्याच भावान माका गयेक न्हेवक व्हया. शंकराचो पिंड पडापर्यंत त्याच्या तोंडाक घरच्या अन्नाची चव लागता नये महाराजा."

"होय महाराजा."

बाबलीने खाली वाकून नारळ फोडला. गाऱ्हाणं झालं होतं. पंगती बसल्या, गाव जेवला, वड्यांची तारीफ झाली. लवूने पानाला हात लावला आणि तसाच उठला.

पुढच्या वर्षी पास निघाला तेव्हा सुगंधा मुंबईतच राहिली आणि घर बघायला लवूला गडी ठेवावा लागला. तो स्वतः गावी येऊन आनंदीला घेऊन गेला. यष्टीने घाट चढून दोघं कोल्हापूरला आली आणि तिथून गाडीत बसली. तांदळाचं गाठोडं आनंदीच्या मांडीवर होतं. लवूने मागितलं तरी तिने ते त्याच्या हातात दिलं नाही. तो वाटेत बोलायला बघायचा, चहा विचारायचा, बाहेरचं शेत दाखवायचा. आनंदी उत्तर देत नसे. देवाने त्याला माफ केलं असेल तर केलं असेल, तो देवाचा प्रश्न होता.

मिरज मागे पडल्यावर चेकर आला. त्याने पास उलटून पाहिला आणि विचारलं, "आनंदी कोण?"

"ही माझी बहीण," लवू घाईने म्हणाला. "विधवा आहे. माझ्यावर..."

"मला विचारलंय," आनंदी म्हणाली. ओटीवर शिकलेलं सगळं पाठांतर तिला अजून येत होतं. त्यातलं पहिलंच तेवढं तिने वापरलं. "मी आनंदी शंकर. हा माझा भाऊ. गावाला ह्याचं घर मी सांभाळते."

चेकरने तिच्याकडे पाहिलं, लवूकडे पाहिलं आणि पास परत दिला. लवू खिडकीबाहेर बघू लागला. आनंदीने गाठोड्याची गाठ आणखी घट्ट केली.