पडली बिचारी

झहारीने संगणकावर लिनक्स या मोफत प्रणालीची नवी आवृत्ती चढवली आणि सवयीप्रमाणे सगळ्यात आधी आपलाच गेम उघडून पाहिला. गोगलगाय पानावरून पुढे सरकली, दवाच्या थेंबावरून घसरली आणि धपकन खाली आली. मग कुणी बाई गोड, घोटीव आवाजात म्हणाली, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करू या."

त्याने गोगलगाय परत पाडली. परत तीच बाई.

बल्गेरियातल्या गाब्रोवोच्या कापडगिरणीत वायरमन असताना त्याने हा गेम लेकीसाठी लिहिला होता. नेवेनाची शाळासुद्धा तेव्हा सुरू व्हायची होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून, मायक्रोफोन अगदी तोंडाला लावून ती ओरडली होती, "पडली बिचारी! चल, परत!" आणि वर खुदकन हसली होती. ते हसू त्याने कापलं नाही. पुढे गेम सगळ्यांना खुला करून टाकला. कुणीही घ्या, वाटा, बदला, मला विचारायची गरज नाही. लिनक्सवर लहान मुलांच्या फुकट खेळांचा जो संच मिळतो, त्यात तो जाऊन बसला. देशोदेशीची पोरं खेळू लागली. बाकीच्या सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत आल्या, पण ते एक वाक्य कुणी बदललं नाही. अर्थ न कळता पोरं ते बल्गेरियनमध्येच म्हणायची, असं लोक झहारीला कळवायचे, आणि त्या दिवशी तो बायकोच्या तसबिरीशीही दोन शब्द जास्त बोलायचा.

झहारीचे डोळे अधू झाल्यापासून गेमची देखभाल पोर्तुगालचा दुआर्त नावाचा तरुण करत होता, अर्थात बिनपैशाने. गेमच्या चर्चेच्या पानावर झहारीने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आवाज कुणाला विचारून काढला?"

दुआर्तचं उत्तर नम्र होतं. "माफ करा. एका व्यक्तीने विनंती केली होती. कारण खासगी आहे."

"गेम मी लिहिलाय. तो आवाज माझ्या मुलीचा आहे. परत ठेव."

मग चार बघे जमले. कुणी झहारीची बाजू घेतली, कुणी म्हणालं जुनं रेकॉर्डिंग खरखरत होतं, बरं झालं गेलं. एकाने टोला हाणला, "आजोबा, दान दिलेल्या गाईचं दूध मागायला येऊ नये." झहारीला मिरची झोंबली. त्याने भलंमोठं, तावातावाचं उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुआर्तने त्याला एकट्याला ओळ धाडली, "काका, कृपा करून हे थांबवा. तुमच्या मुलीशी बोला."

नेवेना रूसे शहरात राहायची. तिथल्या एका बालवाडीत शिकवायची. बापलेकीचं फोनवर बोलणं व्हायचं, पण ते हवापाण्याचं आणि औषधांचं. कालिना गेल्यापासून दुसरं काही बोलायला दोघांनाही जमत नव्हतं. कालिना नेवेनाची एकुलती एक. सहाव्या वर्षी मेंदूत ताप शिरला आणि आठवड्याच्या आत पोर हातची गेली. जावई नंतर कामाला म्हणून परदेशी गेला, तो तिकडचाच झाला.

"तू सांगितलंस त्यांना?" झहारीने फोनवर विचारलं.





"हो. मीच."

"अगं, पण मला का नाही बोललीस? मी तिथे चारचौघांत भांडत बसलोय वेड्यासारखा."

"वाचलं मी."

"वाचलंस आणि गप्प बसलीस?"

"काय सांगू बाबा?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "बालवाडीला नगरपालिकेकडून जुने संगणक मिळाले. त्यांच्यावर लिनक्स घालून दिलंय आणि त्यात तुमचा गेम आहे. पोरं दिवसभर तोच खेळतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी असते आणि मागून कालिना ओरडते."

"तो तुझा आवाज आहे, बाळा."

"मला माहीत नाही का? पण तिचा आणि माझा वेगळा होता का? सांगा ना. होता?"

नव्हता. कालिना हा गेम पहिल्यांदा खेळली तेव्हा तिने टाळ्या पिटल्या होत्या, "आजोबा, मी बोलतेय!" ही तुझी आई आहे, असं सगळ्यांनी परोपरीने सांगितलं, तरी तिने मानलं नव्हतं. "आई तर मोठी आहे," म्हणाली होती. झहारी तो गेम रोज का उघडायचा, हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नवीन आवृत्तीत आवाज काढलाय," नेवेना म्हणाली. "पण आमची यंत्रं इतकी जुनी आहेत की नवीन काही चढतच नाही. सगळं तसंच आहे."

"मी येतो."

"तुम्ही येऊन काय होणार?"

"काढून तर टाकीन."

त्याने बस धरली. बालवाडीत पोचला तेव्हा मुलं जेवून आतल्या खोलीत ओळीने झोपली होती. नेवेनाने त्या खोलीचं दार लोटलं. ती वाळली होती. केस कापले होते, ते त्याला फोनवरून कुठून कळणार! त्याने तिला जवळ घेतलं, पण दोघांच्या मध्ये त्याची पिशवी आली.

संगणक भिंतीशी होते. झहारी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला नाक लावून एकेका यंत्रातून ती आवाजाची फाइल पुसू लागला. काम सोपं होतं. आपल्याच हाताने घातलेली वस्तू कुठे आहे, हे शोधावं लागलं नाही. बोट मात्र दर वेळी बटणावर नुसतंच टेकून राहायचं. नेवेना मागे उभी राहून बघत होती.

"झालं," तो म्हणाला.

"आणि दुसरीकडे?"

"म्हणजे?"

"बाकीच्या शाळांतनं. लोकांच्या घरांतनं. बाबा, तुम्हीच तर बनवलाय. सगळीकडून नाही काढता येणार?"

लहानपणी ती मोडलेलं खेळणं याच नजरेने पुढे करायची. झहारीने चष्मा खाली घेतला, पुसला, परत लावला.

"नाही गं. वाटून टाकलंय ते. कुणाकुणाकडे आहे, मलासुद्धा माहीत नाही. दुआर्तलाही नाही. ज्याच्याकडे आहे ते त्याचं."

"असं कसं?"

"असंच आहे ते. मीच तसं करून ठेवलं."

तिने मान हलवली. रडली नाही. "राहू दे," म्हणाली.

मुलं उठली. एक दातपडकी मुलगी, झोपेने गाल लाल झालेली, थेट संगणकाशी गेली. गोगलगाय घसरली, पडली. आवाज आला नाही. मुलीने वळून पाहिलं. "बाई, ही बोलत का नाही?" तोवर मागच्या दोघातिघांनीच ओरडून दिलं, "पडली बिचारी! चल, परत!" नेवेनाच्या जुन्या हेलासकट, आणि शेवटचं हसूसुद्धा. ते हसू त्यांना वाक्याचाच भाग वाटत होतं.

झहारीने लेकीकडे पाहिलं. तिने टेबलाची कड धरली होती. तो उठायला गेला, पण त्या बुटक्या खुर्चीतून त्याला पटकन उठता येईना, आणि उठून तरी तो काय करणार होता? कुणाला गप्प करणार होता?

"चला, दूध प्यायला चला," नेवेना म्हणाली. आवाज बाईंचा, रोजचा. मुलं पेल्यांकडे पळाली. ती त्यांच्यामागे गेली, एकाचा पालथा पेला तिने सरळ केला, दुसरीच्या बुटाची लेस बांधली. दारातून तिने वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही काही खाल्लंय का? बानित्सा आहे थोडी, पण गार झालीय."

"चालेल," झहारी म्हणाला. तिने आणून दिलेला त्या चीज घातलेल्या पोळीचा तुकडा गुडघ्यावर ठेवून, तो तिथेच त्या खुर्चीवर बसून राहिला.