लाइन गेली होती

गावातलं बियाण्यांचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी ते भाड्याने घेतलं, रंगवून काढलं, टेबलं मांडली आणि शहरातल्या कंपन्यांचं काम गावात राहून करणाऱ्यांना बसायला जागा करून दिली. इंटरनेटची लाइन ओढून आणली वायरमनने. तो बोलघेवडा माणूस. "एकवेळ मी गप्प बसेन, पण माझी लाइन बंद पडायची नाही," असं येईल त्याला ऐकवायचा. आणि खरंच, लाइन कधी जात नव्हती.

तिथे गावातल्याच एका घरची सून रोज यायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी कानाला हेडफोन लावून ऐकायच्या आणि टाइप करून पाठवायच्या, हे तिचं काम. हात चांगला होता, पण कंटाळा आला की दुपारभर फोनवर मालिका बघत बसायची. असंच एकदा काम राहिलं. कंपनीतल्या मॅडमचा फोन आला, तेव्हा ती बोलून गेली, "खेडेगाव आहे हो मॅडम. लाइन गेली होती."

मॅडमनी लगेच समजून घेतलं. मग ते वाक्य तिच्या अंगवळणीच पडलं. काम रखडलं की लाइन जायची.

तिची धाकटी नणंदही आता गोदामात येऊन बसू लागली. वहिनीच्या शेजारी बसून ती हे काम शिकली. एकेक औषधाचं नाव घोकून पाठ केलं. कंपनीची परीक्षा दिली, पास झाली. घरी सासूबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "सुनेने माझ्या लेकीला हाताला धरून शिकवलं."

नोकरीच्या निर्णयाचा फोन गोदामातच आला. नणंदेने हौसेने स्पीकर लावला. वायरमनसकट सगळे कान टवकारून बसले.

"तुमचं काम आम्हाला आवडलं," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या गावची लाइन सारखी जाते. तुमच्या वहिनींना केवढा त्रास होतो, ते आम्ही बघतोच आहोत. आणखी एक माणूस तिथून घेणं आम्हाला जमणार नाही."

फोन बंद झाला. सुनेचे कान तापले. नणंद तिच्याकडे बघत होती, पण त्या नजरेत संशय नव्हता. "वहिनी, तू कधी बोलली नाहीस. एकटीच सोसत होतीस?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तिने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, तिलाही वाईट वाटतंय.

वायरमनचा चेहरा पडला होता. तो तिच्या टेबलाशी आला. "ताई, बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे क्षणभरच तुटत असणार. साधारण कधी जाते लाइन? सकाळी की दुपारी?"

"दुपारी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिडी घेऊन निघाला. ऊन मी म्हणत होतं. गोदामापासून रस्त्यापर्यंत एकेका खांबावर चढून तो जोड उघडून बघत होता, पुन्हा बांधत होता. ती खिडकीतून पाहत होती. टाइप करायला बोटं उचलत नव्हती. संध्याकाळी तो घामाने निथळत आत आला आणि थेट नणंदेसमोर उभा राहिला.

"पोरी, दोष सापडत नाही मला. पण चूक माझीच असणार. नुसती बडबड केली मी. माझ्यापायी तुझी नोकरी गेली."

सुनेला तिथे बसवेना. ती उठून अंगणात गेली आणि मॅडमना फोन लावला. लाइन कधीच गेली नव्हती, आपणच काम केलं नव्हतं, हे अडखळत सांगितलं.

"मग तुमच्या नणंदेला आम्ही उगाच नाकारलं," मॅडम म्हणाल्या. "ती जागा भरली. पुढची निघाली तर कळवू. तुमचं काय करायचं ते उद्या सांगते."

आत येऊन तिने तेच सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. एरवी तोंड न मिटणारा वायरमन शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. नणंदेने आपली वही आणि हेडफोन उचलले आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली.

सुनेचं काम गेलं नाही, पण पगार कापला गेला आणि तिचं प्रत्येक पान दुसरं कुणी तपासू लागलं. पुढच्या हंगामात नणंदेला कंपनीचं बोलावणं आलं. त्या दिवशी शेजारणी घरी आल्या, तेव्हा सासूबाईंनी पुन्हा तेच लावलं, "सगळं माझ्या सुनेमुळे झालं हो."

सुनेने मटार सोलता सोलता वर पाहिलं. नणंद दारात उभी होती. गोदामात झालेल्या प्रकाराबद्दल तिने घरी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता.

शेजारणी गेल्यावर सून म्हणाली, "मी आईंना खरं सांगते."

"नको," नणंद म्हणाली. "तुझं कौतुक करताना बरं वाटतं तिला. ते कशाला काढून घेतेस?"

तिचा आवाज शांत होता. रागावली असती तर सोपं गेलं असतं. सून मटार सोलत राहिली आणि आतून सासूबाईंनी हाक मारली तेव्हा तिला चटकन ओ देता आली नाही.